अठ्ठावन्न मिनिटे
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला 'धावण्याचे फायदे' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. मी होकार दिला, पण मनात दुसरंच होतं. फायदे सांगतोच. त्याआधी एक हिशेब चुकता करायचा आहे, आणि तो तुमच्याशीच आहे.

मी काही धावपटू नाही. शाळेत असताना खेळाच्या तासाला दप्तरं सांभाळायला बसणारा मुलगा मी. पंचेचाळिशीत डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवला आणि चालायला सांगितलं. आपल्या कंपाउंडची एक फेरी साधारण २८० मीटरची आहे. आधी पाच फेऱ्या, मग दहा. एका सकाळी पाऊस आला म्हणून गेटपर्यंत पळालो आणि लक्षात आलं, की अरे, पळता येतंय की! तिथून सुरुवात झाली. मग रविवारी उपवन तलावापर्यंत, आणि दम असला तर येऊरच्या चढावर थोडंसं.

पुढे शर्यतींचा नाद लागला. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, मुंबईची २००४ पासूनची, शिवाय आपली ठाण्याची वर्षा मॅरेथॉन आणि साताऱ्याची यवतेश्वरच्या घाटातली. ही सगळी मोठी नावं झाली. पण माझा जीव रमतो तो छोट्या शर्यतींत. शाळेच्या मैदानावरून सुटणाऱ्या, कुठल्या तरी मंडळाने किंवा डॉक्टरांच्या संघटनेने भरवलेल्या. आदल्या दिवशी बिब आणि टी-शर्ट घ्यायला रांग. टी-शर्टचा माप हमखास चुकलेला. पहाटे साडेपाचला स्टेजवरून कोणीतरी झुंबा करायला लावतं, समोर सत्तर वर्षांचे आजोबा आणि सात वर्षांची नात सारखेच हात हलवतात. मग कोणीतरी 'गणपती बाप्पा' म्हणतं, सगळे 'मोरया' म्हणतात आणि गर्दी हलते. वाटेत पाण्याची टेबलं, संत्र्याच्या फोडी, मीठ, कोपऱ्यावर ढोल-ताशा. शेवटी मेडल आणि कुपन फाडून मिळणारे पोहे. तिथे पहिला कोण आला हे पाहणारे थोडे. बाकी आम्ही सगळे पोहे गार व्हायच्या आत पोचायला धावतो.

आता हिशेबाकडे येतो.

चार वर्षांपूर्वी जुलैमध्ये अशाच एका शर्यतीत मी पहिल्यांदा दहा किलोमीटरला नाव दिलं. पाच किलोमीटर जायचं, वळायचं आणि त्याच रस्त्याने दुभाजकाच्या पलीकडून परत यायचं. छोट्या शर्यतींत प्रत्येकाच्या बिबवर चिप नसते. वळणावर स्वयंसेवक तुमच्या मनगटात एक रबर बँड घालतो. तो दाखवला की कळतं, हा माणूस वळणापर्यंत जाऊन आला. साधी, स्वस्त पद्धत, आणि माणसाच्या शब्दावर चालणारी.

त्या दिवशी पाऊस धो धो पडत होता. चार किलोमीटरला माझ्या पोटरीत गोळा आला. समोर दुभाजकात एक फट होती. माझ्यापुढचे तीन-चार जण त्या फटीतून पलीकडे गेले आणि परतीच्या घोळक्यात मिसळले. मी क्षणभर थांबलो. नंतर मीही गेलो. दहाचे आठ झाले.

शेवटच्या रेषेवर स्वयंसेवक ताडपत्रीखाली उभे राहून भराभर मेडल देत होते. मनगट कोणी पाहिलं नाही. वर टांगलेलं घड्याळ मात्र स्पष्ट दिसत होतं: अठ्ठावन्न मिनिटं. तिथे कोणीतरी फोटो काढला, त्यात मी आणि ते घड्याळ. फोटो आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर गेला. 'काका, पन्नाशीत अठ्ठावन्न! ग्रेट!' अंगठे, टाळ्या, पुष्पगुच्छ. मला लिहायचं होतं, 'अहो, दहा नव्हे, आठ.' टाइप केलं आणि खोडलं. म्हटलं, जाऊ दे, दोन दिवसांत विसरतील.

तुम्ही विसरला नाहीत. गणेशोत्सवात, याच जागी, शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केलात. घरी आल्यावर सौ. म्हणाल्या, "शाल अंगावर घेताना तोंड असं का केलं होतंत? दाढ दुखत होती का?" मी हो म्हणालो.

इथवर नुकसान फक्त माझं होतं. पण आपल्या इमारतीतली एक मुलगी, तेव्हा अकरावीत, त्या सत्कारानंतर माझ्याबरोबर पळायला येऊ लागली. चिकाटीची पोर. चार महिने पाऊस-थंडी न बघता साडेपाचला गेटवर हजर. जानेवारीत तिने एक दहा किलोमीटर पूर्ण केलं. त्रेसष्ट मिनिटं. पहिल्याच शर्यतीत! मी टाळ्या वाजवतोय आणि ती रडवेली. म्हणाली, "काका, तुम्ही पन्नाशीचे आणि तुमचं अठ्ठावन्न. मी सतरा वर्षांची आणि त्रेसष्ट. मला हे जमण्यातलं नाही." पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिच्या आई लिफ्टमध्ये म्हणाल्या, "सोडलं तिने. अभ्यास आहे म्हणते."

मंडळी, त्या लिफ्टमध्ये चौथा मजला यायला किती वेळ लागतो हे मला त्या दिवशी कळलं.

तीन रात्री काढल्या आणि मग तिला खाली बोलावलं. बाकावर बसून सगळं सांगितलं. दुभाजक, फट, आठ किलोमीटर. म्हटलं, "माझ्या वेगाने दहा केले असते तर सव्वा तास लागला असता. तू माझ्यापेक्षा पुष्कळ पुढे आहेस." मला वाटलं, ती हसेल. ती हसली नाही. बराच वेळ चपलेच्या टोकाने फरशी उकरत बसली. मग म्हणाली, "काका, मी चार महिने त्या आकड्यामागे पळत होते." आणि उठून गेली. तिचं बरोबर होतं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तोवर ती जिना चढलीसुद्धा.

दोन रविवार मी एकटाच गेलो. तिसऱ्या रविवारी ती गेटवर उभी होती. बोलली काही नाही, फक्त घड्याळाकडे बोट दाखवून म्हणाली, "आज पूर्ण."

नंतर माझ्या वाचनात आलं, की या लबाडीत मी पहिला नव्हे. १९०४ साली सेंट लुईसच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन होती. फ्रेड लॉर्झ नावाचा अमेरिकन धावपटू नऊ मैलांवर थकला, मोटारीत बसला आणि सुमारे अकरा मैल मोटारीतूनच गेला. मोटार बंद पडली तेव्हा उतरला, पुन्हा धावू लागला आणि स्टेडियममध्ये पहिला शिरला. आधी जयजयकार झाला, मग लबाडी उघडी पडली. तोच लॉर्झ पुढच्या वर्षी, १९०५ मध्ये, बोस्टनची मॅरेथॉन जिंकला, स्वतःच्या पायांनी. त्याची मोटार, माझी फट. मला धीर आला तो त्याच्या १९०५ सालामुळे.

दुसऱ्या जुलैला मी त्याच शर्यतीत उतरलो. पाऊस तसाच, पोटरी तशीच. ती फट आली. नगरपालिकेने बुजवली असती तर बरं झालं असतं, पण होती तिथेच होती. मी नजर समोर ठेवून पुढे गेलो. वळणावर रेनकोट घातलेला एक शाळकरी मुलगा उभा होता. त्याने माझ्या ओल्या मनगटात रबर बँड चढवला आणि म्हणाला, "काका, थोडंच राहिलंय." पाच किलोमीटर राहिले होते! एक तास चौदा मिनिटांनी पोचलो. पोहे संपले होते. चहा मिळाला. तो रबर बँड मी आज आणला आहे. हा बघा. आता सैल झालाय.

ती मुलगी सध्या शिकायला बाहेरगावी असते. काल रात्री तिला फोन करून विचारलं, "सगळ्यांसमोर सांगू का?" म्हणाली, "सांगा. माझं नाव नको. आणि काका, आता माझं सत्तावन्न आहे, तेवढं मात्र नक्की सांगा." सांगितलं.

आता फायदे. साखर आटोक्यात आहे, झोप लागते, आणि चारही विंगमधली माणसं नावानिशी ओळखू लागलो, हा सगळ्यात मोठा. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी चाळिशी ओलांडली असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. दोन मिनिटं पळा, दोन मिनिटं चाला, त्यात लाज नाही. बूट नवे असतील तर शर्यतीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. बिबच्या मागे घरच्यांचा फोन नंबर लिहा. आणि पोटरीत गोळा आला तर बाजूला व्हा, थांबा, रिक्षाने घरी या. मेडल नाही मिळणार, एवढंच.

दर रविवारी पावणेसहाला मी गेटवर असतो. या.

जाता जाता, ही ती सत्काराची शाल. इस्त्री करून आणली आहे. सेक्रेटरीसाहेब, ती संस्थेला परत करतो. ज्याने खरोखर दहा पूर्ण केले, त्याच्या किंवा तिच्या खांद्यावर घाला. श्रीफळ मात्र परत देता येणार नाही. त्याच्या वड्या झाल्या होत्या, आणि त्या तुमच्यापैकी पुष्कळांनी खाल्ल्या आहेत.