त्रिनिदादहून दिसलेली आपली गल्ली
(येरवड्यात तरुणांसमोर केलेलं भाषण)



मी इंजिनिअर, दिवसभर कोड लिहितो. धाकट्या बहिणीनं बारावीनंतर आर्ट्स घेते म्हटलं, तेव्हा घरात सगळ्यात आधी नाही म्हणणारा मीच होतो. तिनं तरीही बी.ए. केलं. शेवटच्या वर्षी तिनं मला एक पुस्तक दिलं: तेजस्विनी निरंजना यांचं २००६चं ‘मोबिलायझिंग इंडिया’.

निरंजना मूळच्या इंग्रजी साहित्याच्या. त्यांचं १९९२चं पुस्तक भाषांतर आणि वसाहतवाद यावर. पुढे त्या कॅरिबियनकडे वळल्या. आपल्याकडे परदेश म्हणजे लंडन नाही तर अमेरिका. त्यांनी त्रिनिदाद निवडलं, कारण तिथे आपलीच माणसं होती.

३० मे १८४५ला ‘फातेल रझाक’ जहाज तिथे लागलं. १९१७पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार मजूर करारावर गेले. हिंदू गेले, मुसलमानही गेले. तिथला मोहरम म्हणजे ‘होसे’. ताबूत निघतात, ताशा वाजतो. हिंदूंच्या लग्नातही तोच ताशा!

गेलेल्यांत एकट्या बायकाही बऱ्याच होत्या. कुणी विधवा, कुणी नवऱ्याला सोडून आलेली. मळ्यात राबायच्या, स्वतःची मजुरी घ्यायच्या. आपल्या पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९१२मध्ये ही करारपद्धत बंद करण्याचा ठराव मांडला. पद्धत जुलमीच होती. पण त्या चळवळीत या बायकांना बिघडलेल्या ठरवलं गेलं. ‘चांगली भारतीय स्त्री’ कशी असते, ते त्यांच्याकडे बोट दाखवून सांगितलं गेलं, असं निरंजना मांडतात. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस द्रुपती रामगुनाई चटणी-सोका गाऊ लागल्या, तेव्हा पुन्हा इज्जतीचाच प्रश्न निघाला.

हे वाचताना मला आपली गल्ली दिसली. रात्री अकराला कंपनीच्या कॅबमधून मुलगी उतरते. घरभाडं तिच्या पगारातून जातं, तरी ओट्यावर बोलणं तिच्याबद्दलच होतं. त्या ओट्यावर मीही बसलोय.

बहीण आता एम.ए. करते. परवा तिनं विचारलं, “भाई, तेव्हा नाही का म्हणालास?” मी म्हणालो, नोकरीची काळजी होती. ते खरं नव्हतं. मला लोक काय म्हणतील याची भीती होती.

तुमच्या घरातली मुलगी वेगळा विषय मागत असेल, तर नाही म्हणण्याआधी तिच्याकडून तो विषय समजून घ्या. मला ते जमायला तीन वर्षं लागली.