खत पिकाला की विहिरीला?



परसातल्या काकडी-पडवळाला शेणखत, कोंबडीखत जितके जास्त तितके बरे, असे आपण समजतो. पण पीक गरजेपुरतेच घेते. उरलेल्या नत्राचे नायट्रेट बनते. मातीचे कण ते धरून ठेवीत नाहीत. पाण्याबरोबर ते खाली झिरपते. रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही मुख्यतः चार महिन्यांत. मग खत जाते कोठे? शेजारच्या विहिरीत!

पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. ते फार वाढले आणि त्याच पाण्यात तान्ह्या बाळाचे बाटलीचे दूध कालवले, तर रक्त प्राणवायू नीट वाहून नेत नाही; बाळ निळे पडते. मातांनो, उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटून त्याचे प्रमाण उलट वाढते.

उपाय आपल्या हाती आहेत. उकिरडा विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला ठेवा आणि पावसात झाका. खत एकदम न घालता वाढीप्रमाणे थोडे थोडे द्या. पावसाळ्यात जमीन उघडी ठेवू नका. मुळे उरलेले नत्र शोषून घेतात.

विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर उकिरड्यापासून विहिरीपर्यंतचे अंतर पावलांनी मोजा आणि वडिलांना सांगा.