घोडं अडलंय भिंतीपाशी
(पिंगळी येथील व्याख्यानमालेतील व्याख्यान)



सूर्य कशावर जळतो हे दहावीच्या पोरांनाही ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. १९५५ साली जिनिव्हात होमी भाभा म्हणाले होते, वीसेक वर्षांत हायड्रोजनच्या मीलनाची ही ऊर्जा माणसाच्या ताब्यात येईल. (हशा) हसता काय! का अडलं म्हटलं की सगळे यंत्रातल्या तापलेल्या वायूकडे, प्लाझ्माकडे बोट दाखवतात. मी जिथं जाईन तिथं एकच सांगतो: घोडं पेंड खातंय ते यंत्राच्या भिंतीपाशी.

ड्यूटेरियम-ट्रिटियम या हायड्रोजनच्याच भावंडांच्या मीलनातून सुटणाऱ्या न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, त्यामुळे तो प्लाझ्मा धरून ठेवणाऱ्या चुंबकाला जुमानत नाही. सरळ भिंतीत घुसतो आणि तिथल्या टंगस्टनचे अणू जागचे उडवतो. मे महिन्यात आपल्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात; पहिला पाऊस कुठं जातो? तसं इंधन या रिकाम्या जागांत जाऊन बसतं, आणि निघता निघत नाही. टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतं म्हणून घेतलं, पण न वितळणारं बिघडतच नाही असं थोडंच आहे?

इंग्लंडातल्या जेट या मीलनयंत्रात १९९७ साली ३५ ग्रॅम ट्रिटियम सोडलं. साफसफाईनंतरही सहाएक ग्रॅम आतच राहिलं. तिथं ते कार्बनच्या थरांत गाडलं गेलं होतं. बेरिलियम-टंगस्टनची भिंत आल्यावर अडकणं दहापटीहून कमी झालं. पण जेटमध्ये न्यूट्रॉनचा मारा असा कितीसा होता! खऱ्या वीजकेंद्रात वर्षानुवर्षं होणार. त्यात ट्रिटियम किरणोत्सारी, शिवाय १२.३ वर्षांत निम्मं संपणारं. म्हणून फ्रान्समधल्या ईटर या मीलनयंत्राला मर्यादा आहे: पात्रात ७०० ग्रॅमच्या वर साठू द्यायचं नाही.

फ्रान्स लांब वाटतं? मग औंढा नागनाथला चला. १९९९ पर्यंत ते आपल्याच परभणी जिल्ह्यात होतं, म्हणजे आपलंच. (टाळ्या) तिथं गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा उभी राहतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन निर्वात नळ्या. अशा नळ्यांना छळणारा कोण? पुन्हा हायड्रोजनच! पोलाद तयार होतानाच तो आत शिरतो आणि नंतर वर्षानुवर्षं झिरपतो. अमेरिकेतल्या लायगोनं नळ्या वळायच्या आधी पत्रा साडेचारशे अंशांच्या आसपास दीड दिवस भाजला. मग नळ्या जोडून त्यांतूनच वीज सोडली आणि दीडशेच्या पुढच्या अंशांवर कित्येक दिवस तापवल्या. गंमत बघा, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था लायगो-इंडियातही आहे आणि ईटरच्या कामातही. मी उगाच औंढ्याला गेलो नाही!

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. बरं, चिठ्ठी आलीय: "आमच्या मोटारीला रात्रीची लाईट, अन् तुम्ही हे काय सांगताय?" रास्त आहे. येत्या रब्बीला ही वीज मिळेल असं मी म्हणालो का? माझं गाऱ्हाणं एवढंच की हुशार पोरांना प्लाझ्मा हवा, धातुशास्त्राकडे कुणी फिरकत नाही. जर्मनीत गार्खिंगच्या मीलनयंत्राची अख्खी भिंत २००७ मध्ये टंगस्टनच्या मुलाम्याची झालीसुद्धा. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणता ना? (हशा) मग बघा की भिंतीकडे!

दुसरी चिठ्ठी: त्या रिकाम्या जागा बुजतात का? तापवलं की अणू हलतात, बऱ्याच बुजतात, सगळ्या नाही. फार तापवावं तर टंगस्टन ठिसूळ होतं. खरं म्हणजे यावरच बोलायचं होतं. आभार उरकून घ्या. ज्यांना ऐकायचंय त्यांनी पुढं या, सतरंज्या गुंडाळेपर्यंत मी इथंच आहे.