समुद्रावरून वाऱ्याची पारख



समुद्राचे रूप पाहून वाऱ्याचे बळ ओळखणे ही दर्यावर्दी लोकांची जुनी विद्या. ब्रिटिश आरमारातील फ्रान्सिस बोफर्ट या अधिकाऱ्याने १८०५-०६ च्या सुमारास तिला शिस्त लावली व शून्य ते बारा अशी श्रेणी आखली. त्या वेळी गमक होते शिडांचे : कोणत्या वाऱ्यात जहाज किती शिडे पेलू शकते. पुढे वाफेची जहाजे आली, शिडे गेली, आणि पाण्याचे रूप हेच गमक ठरले.

शून्यावर समुद्र आरशासारखा असतो. एकवर माशाच्या खवल्यांसारख्या लहरी उठतात. तीनवर लाटांचे माथे फुटून तुरळक पांढरा फेस दिसतो. चारवर, म्हणजे ताशी ११ ते १६ सागरी मैल वेगाला, तो जागोजागी दिसतो. सातवर फेस वाऱ्याच्या दिशेने पट्ट्यापट्ट्यांनी ओढला जातो. आठची श्रेणी ३४ सागरी मैलांपासून सुरू होते. बंगालच्या उपसागरातील आवर्ताचा वारा या वेगाला पोहोचला की हवामान खाते त्याला ‘चक्री वादळ’ म्हणते.

परंतु या वाचनाला एक पथ्य आहे. लाट उठण्यास अवधी लागतो, तसा मोकळ्या पाण्याचा विस्तारही लागतो. कोकणात नैर्ऋत्य मोसमी वारा समुद्रावरून येतो, म्हणून नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या खवळलेला असतो. तोच वारा येथे चेन्नईस जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. किनाऱ्यालगत लाटा वाढविण्यास त्याला पुरेसा विस्तार मिळत नाही. त्यामुळे दुपारी खारे वारे सुटेपर्यंत मरीनावरून पाणी त्यामानाने शांत भासते. पण दूर गेलेल्या होडीला परतताना तोच वारा समोरून झोंबतो.

याउलट, दक्षिण हिंदी महासागरात उठलेली लाट येथे वारा नसतानाही किनाऱ्यावर आदळू शकते. केरळात तिला ‘कळ्ळक्कडल’, म्हणजे चोर समुद्र, म्हणतात. तमिळनाडूच्या दक्षिण किनाऱ्यालाही ती परिचित आहे.

म्हणून केवळ लाटेच्या उंचीवर विसंबू नये. फेस, तुषार आणि ताज्या लहरी पाहाव्यात, वारा कोठून येतो हे ध्यानी घ्यावे, आणि हवामान खात्याचा इशाराही ऐकावा. वाळूवर बसणाऱ्याचा अंदाज चुकला तरी निभावते. होडी लोटणाऱ्याच्या मात्र ते जिवावर बेतते.