फुकट राबणारे हात



मोबदला न घेता दुसऱ्याच्या कामाला जाणं यासाठी मराठीत शब्दांना तोटा नाही. स्वयंसेवा, श्रमदान, सेवा, इर्जिक, सावड, पैरा. आणि वेठ. शेवटचा शब्द ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या. पण वेठीतही माणूस फुकटच राबतो. वाटेनं जाणाऱ्याला इर्जिक आणि वेठ सारखीच दिसेल: रान एकाचं, घाम दुसऱ्यांचा, मजुरी कुणालाच नाही. फरक एवढाच की इर्जिकीला ‘आज जमत नाही बुवा’ असं म्हणता येतं. आज बोलायचंय ते या ‘नाही’बद्दल.

आधी इर्जिक. सभागृहात शेती सुटलेले पुष्कळ असतील, म्हणून जरा सांगतो. ऐन नांगरटीत एखाद्याचा बैल बसला, घरात दुखणं आलं, कर्ता माणूस गेला, की रान पडून राहायची पाळी यायची. मग त्या घरचं आवतण गावात फिरायचं. ठरल्या दिवशी उजाडताच जो तो आपली औतं-बैलं घेऊन बांधावर हजर. एकामागं एक नांगर लागायचे, कुणी खड्या आवाजाचा भलरी धरायचा, बाकीचे मागं ओढायचे, आणि एकट्याला आठवडा पुरलं असतं ते रान दिवस मावळायच्या आत उलथून पडायचं. मजुरी नाही, पण जेवण घसघशीत. कुठं पुरणपोळी, कुठं मटण. वाढताना हात आखडला तर गाव वर्षभर बोलायचं! म्हणजे हिशेब होताच, फक्त वहीत नव्हता.

पैऱ्यात तर तो उघडच. आज मी तुझ्याकडं खुरपायला, परवा तू माझ्याकडं. पैरा ‘फेडायचा’ असतो, कर्जासारखा. ज्यांच्याकडं एकेकच बैल, ते दोघं सावड करून जोडी जमवायचे. याला कुणी उपकार म्हटलं तर शेतकरी हसेल. आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरात आदिवासी शेतकरी उतारावर दगड रचून भातखाचरं काढतात, तेही असंच, मिळून. त्याला पडकई म्हणतात. एका घराच्या बळावर तो डोंगर हलणारा नव्हे.

मात्र हे चित्र फार गोजिरं करायला नको. ज्या गावात इर्जिकीची पंगत बसायची, त्याच गावात काही घरांना आवतण येत नसे, हुकूम येत असे. मेलेलं जनावर ओढा, सरकारी अंमलदाराचं ओझं वाहा, सांगावा घेऊन रात्री-अपरात्री परगावी जा. आणि या सगळ्याला नाव काय, तर वतन! महार वतनात मान किती आणि वेठ किती हे बाबासाहेब आंबेडकरांनी पुरतं ओळखलं होतं. 1928 मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनाचा कायदा बदलण्यासाठी विधेयक मांडलं. ही वतनं कायद्यानं संपायला 1958 साल उजाडावं लागलं.

ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांची गोष्ट याहून उघडीनागडी. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज काढायचं आणि त्यापायी नवरा-बायकोनं त्याच्याकडं वर्षानुवर्षं राबायचं. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. 1945 मध्ये किसान सभेच्या गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्याबरोबर वारली उभे राहिले ते ‘वेठ करणार नाही’ म्हणून. त्या नकाराची हकिगत गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये आहे. वाचली नसेल तर वाचा.

श्रमदानाची बाजू मी थोडक्यात उरकतो. 2016 मध्ये वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत पाणलोटाच्या कामाची स्पर्धा सुरू झाली. भर उन्हाळ्यात माणसांनी टिकाव-फावडी घेऊन चर खोदले. मला त्याचं कौतुक आहे. तरी एक प्रश्न राहतोच: पाणी चढतं ते विहिरीला, आणि विहीर ज्याची जमीन त्याची. भूमिहीन मजुरानं आपला रोज बुडवून खोदलेल्या चराचा पैरा त्याला कोण फेडणार?

आता आजचं पाहा. 2005 मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि गावोगाव ‘आशा स्वयंसेविका’ दिसू लागल्या. गरोदर बाईची नोंद करायची, कळा सुरू झाल्या की रात्री गाडी बघून तिला दवाखान्यात न्यायचं, लसीच्या दिवशी पोरं गोळा करायची, रजिस्टर भरायचं. कोरोनात घरोघर ताप मोजत फिरल्या त्याही याच. एवढं काम नेमून दिलेलं, वर जाब विचारणारे साहेब, आणि पदाचं नाव स्वयंसेविका! ‘स्वयं’ म्हणजे आपल्या मर्जीनं ना? मग मर्जी नसेल तेव्हा काय? स्वयंसेविका म्हटलं की पगार द्यावा लागत नाही. कामागणिक मोबदला आणि वर थोडं मानधन दिलं की भागतं. जून 2021 मध्ये महाराष्ट्रातल्या सुमारे 70,000 आशा संपावर गेल्या. स्वयंसेवकांचा संप! शब्दाशी शब्द जुळत नाही, पण तो जुळवला आहे आपण, त्यांनी नाही.

अंगणवाडीतल्या बायकांचंही तेच. एक सेविका, दुसरी मदतनीस. दोघींना मानधन. ग्रॅच्युइटी मागितली तर उत्तर तयार: तुम्ही नोकरीत कुठं आहात? गुजरातमधल्या अशा बायकांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 25 एप्रिल 2022 रोजी निकाल लागला, की ग्रॅच्युइटीच्या कायद्यापुरतं हे मानधन वेतनच आहे आणि या बायका त्या रकमेच्या हक्कदार आहेत. आपल्याकडं पदाचं नाव मात्र अजून ‘सेविका’च आहे.