शंभर मीटरच्या आतले तत्त्वज्ञान



तत्त्वज्ञानाच्या संमेलनाध्यक्षाने उपनिषदांपासून निघावे आणि जेवणाची वेळ होईपर्यंत कसेबसे विसाव्या शतकात पोहोचावे, असा एक रिवाज आहे. आजचे सभागृह कसबा पेठेत आहे, म्हणून इथली सुरुवात मोजपट्टीपासून. शनिवारवाडा इथून चालत जाण्याच्या अंतरावर. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली आणि संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आली. त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी घेऊन बांधता येते. आसपासच्या पेठांतले कितीतरी जुने वाडे या पहिल्या १०० मीटरांत सापडले. इथल्या निवडणुकांत हा विषय पुन्हा पुन्हा निघतो, आणि निकाल लागला की पुढच्या निवडणुकीपर्यंत झोपी जातो.

‘तत्त्वज्ञानाचा रोजच्या जगण्यात उपयोग काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला ग्रंथालयात नेण्याची गरज नाही. त्याला या १०० मीटरांत फिरवून आणावे.

कायदा सांगतो, घर १६ जून १९९२ पूर्वीचे असेल तर मनाईच्या पट्ट्यातही परवानगीने दुरुस्ती करता येते. पाडून नवे बांधता येत नाही. कागदावर हा फरक स्वच्छ आहे. प्रत्यक्ष वाड्यात तो पुसट होत जातो. कुजलेली तुळई बदलली, ती दुरुस्ती. माळवद गळू लागले म्हणून वर पत्रे चढले, तीही दुरुस्ती. मग पांढऱ्या मातीची भिंत फुगली, तिथे विटांची आली. सागवानी खांबांच्या जागी लोखंडी गर्डर आले. यातल्या कितव्या बदलाला जुना वाडा संपला आणि नवा सुरू झाला? ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला त्याच्याच रथाबद्दल हेच विचारतो. आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? नागसेनाचा रोख असा की ‘रथ’ हे सुट्या भागांच्या जुळणीला व्यवहारासाठी दिलेले नाव आहे. राजाला ते पटले. परवानगीसाठी फाइल घेऊन बसलेल्या घरमालकाला तेवढ्याने भागत नाही, कारण त्याच्या बाबतीत ते नाव दुसरेच कोणी ठरवते.

त्यात शनिवारवाड्याची स्वतःची गोष्ट पाहण्यासारखी आहे. १७३२ साली त्याची वास्तुशांत झाली, १८२८ च्या आगीत लाकडी महाल जळून गेले. उरली तटबंदी, बुरूज, दिल्ली दरवाजा, जोती आणि कारंज्यांचे अवशेष. तरीही तो शनिवारवाडाच आहे, त्याच्या ओळखीवर कोणी हरकत घेत नाही. शेजारच्या घराच्या चारही भिंती उभ्या असताना त्याला मात्र आपण तेच घर आहोत हे सिद्ध करावे लागते.

आता त्या १०० मीटरांच्या रेघेकडे येऊ. ९९ व्या मीटरवरचा वाडा अडकतो, १०१ व्या मीटरवरच्याला वाट सापडते. ग्रीकांकडे ढिगाचा एक पेच होता: धान्याच्या ढिगातून एकेक दाणा काढत गेले तर कितव्या दाण्याला ढीग संपतो? या पेचाचा वाड्याच्या भांडणात थेट उपयोग आहे, कारण दोन्ही बाजूंचे लोक इथेच घसरतात. एक बाजू म्हणते, कायद्यात आकडा आहे, विषय संपला. दुसरी म्हणते, आकडा मनमानी आहे, म्हणून निर्बंधच काढा. रेघ कुठेतरी ओढावी लागते हे खरे, आणि ती नेमकी इथेच असावी असे निसर्गाने सांगितलेले नाही हेही खरे. पण पहिल्यावरून हीच रेघ योग्य असे सिद्ध होत नाही, आणि दुसऱ्यावरून रेघच नको असेही सिद्ध होत नाही. विचारायचे ते वेगळेच: रेघ कशासाठी ओढली? स्मारक मोकळे दिसावे म्हणून असेल तर अंतराइतकीच शेजारच्या इमारतीची उंची महत्त्वाची. पायाला धक्का लागू नये म्हणून असेल तर खोदाईची खोली आधी मोजायला हवी. हेतू बोलून दाखवला की निदान भांडण पुढे सरकते.

प्रत्यक्ष वाड्याच्या आत गेले की मामला आणखी दाट होतो. मालक आणि भाडेकरू समोरासमोर बसलेले असतात. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाणित भाडे १ सप्टेंबर १९४० च्या दराला बांधले होते. पन्नास वर्षांनी, १९९७ साली, सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवलेले भाडे आता वाजवी राहिलेले नाही असे म्हटले. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढीची सोय झाली. मूळ भाडेच नाममात्र असेल तर त्याचे ४ टक्के किती होणार, हा हिशेब श्रोत्यांनी घरी करावा. मालक म्हणतो, या भाड्यात कौलेसुद्धा शाकारून होत नाहीत. भाडेकरू म्हणतो, तीन पिढ्या इथे काढल्या, आता जायचे कुठे? मग बैठकीत सगळे एकदम बोलू लागतात. इमारत किती धोक्याची, कायद्याने हक्क कोणाचा, न्याय्य वाटा किती आणि आजोबांनी कोणाला काय शब्द दिला होता, हे चारही प्रश्न एकाच वाक्यात येतात. पहिल्याचे उत्तर अभियंत्याकडे आहे, दुसऱ्याचे वकिलाकडे. तिसऱ्याचे उत्तर दोघांकडेही नाही. चौथा बहुधा मनात राहिलेला असतो, आणि बैठक मोडते ती त्याच्यापायी.

न्यायदर्शनाने चर्चेचे तीन प्रकार सांगितले. सत्य शोधण्यासाठी केलेला वाद, जिंकण्यासाठी केलेला जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची मोडणारी वितंडा. वाड्याच्या बैठकीला बसलेल्या माणसाला यातला कुठला प्रकार चालू आहे हे पाचव्या मिनिटाला ओळखता आले, तर उरलेले दोन तास वाचतात. जॉन रॉल्सने १९७१ च्या ग्रंथात सुचवलेली युक्तीही इथे चालते: आपण मालक आहोत की भाडेकरू हे ठाऊक नाही असे समजून वाटणीचा नियम लिहायचा. युक्ती भोळी वाटते. पण कागद-पेन्सिल घेऊन दोन्ही बाजूंनी ती खरोखर केली, तर निदान सर्वांत निर्लज्ज मागण्या स्वतःहून खोडल्या जातात.

एवढ्यावरून तत्त्वज्ञान म्हणजे तडजोडीचे तंत्र, असा समज होऊ नये. कसब्यातून दक्षिणेला चालत गेले की गंज पेठ लागते, आता तिला महात्मा फुले पेठ म्हणतात. टॉमस पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ १७९१-९२ साली दोन भागांत निघाला. ही पेठ ज्यांच्या नावाची, त्या जोतीराव फुल्यांनी तो १८४७ च्या सुमारास वाचला. पेन वाचणारे त्या काळात इतरही होते. जोतीरावांनी त्यातला युक्तिवाद स्वतःच्या दारापर्यंत नेला. हक्क माणूस म्हणून असतील, तर पाण्यापाशी ते थांबतात कसे? १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, हाही त्याच सुसंगतीचा भाग. सुसंगती हा तर्कशास्त्राच्या पुस्तकातला निरुपद्रवी शब्द आहे. पाळायला घेतला की शेजारी बोलायचे बंद होतात.

मनाच्या स्वास्थ्यासाठी तत्त्वज्ञान, हा आजचा लोकप्रिय विषय. तो खोटा नाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून बांधत नेलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचे मूळ एपिक्टेटस या एकेकाळच्या गुलामाच्या विचारात आहे, हे एलिस स्वतः सांगत. मराठी वाचकांना ही पद्धत कि. मो. फडके आणि डॉ. अंजली जोशी यांच्या लेखनातून परिचित आहे. वाड्याला धोकादायक इमारतीची नोटीस येणे ही घटना, आणि ‘नोटीस आली म्हणजे माझे आयुष्य संपले’ हे आपण स्वतःला ऐकवलेले वाक्य. या दोहोंतले अंतर दिसू लागले की झोप लागू शकते. फक्त हा उपदेश कोण कोणाला करतो आहे, यावर नजर हवी. गळक्या छपराखालच्या माणसाला कोरड्या छपराखालून समत्व शिकवणारे या शहरात नेहमीच मुबलक आहेत.

राहिला प्रश्न भाषेचा. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले ‘गीतारहस्य’ १९१५ साली पुण्यात प्रसिद्ध झाले. त्यात कांट, मिल, स्पेन्सर यांच्याशी झालेली झुंज वर्तमानपत्र वाचणाऱ्या माणसासाठी मराठीत लिहिलेली होती. दे. द. वाडेकरांच्या संपादनाखाली ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ १९७४ मध्ये तीन खंडांत पुण्यातूनच निघाला. परिभाषेची उणीव आहे, ही तक्रार आता अध्यापकांना शोभत नाही. तर्कशास्त्राच्या वर्गात अजून डोंगरावर धूर दिसतो आणि त्यावरून आगीचे अनुमान होते. ते व्हायलाच हवे. पण विद्यार्थी ज्या गल्लीतून कॉलेजात येतो, तिथल्या वाड्यावर महापालिकेने पावसाळ्याआधी लावलेली धोकादायक इमारतीची नोटीस त्याला तितक्याच काटेकोरपणे वाचता येत नसेल, तर दोष त्याचा नाही.

दुपारच्या सत्रात अभ्यासक्रमाचा विषय आहे. तिथे अध्यक्षांकडून एक प्रस्ताव येईल. पदवीच्या तर्कशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेला महापालिकेची एक नोटीस, भाडेनियंत्रण कायद्यातले एक कलम आणि वाड्याच्या एका बैठकीचे इतिवृत्त जोडावे, त्यातली नावे अर्थातच पुसून. कुठले विधान मोजून तपासायचे, कुठले कायद्याच्या पुस्तकात पाहायचे आणि कुठले माणसांनी आपसांत ठरवायचे, हे विद्यार्थ्याने कारणांसह वेगळे करून दाखवावे. गुण वीस. ज्यांचा या प्रस्तावाला विरोध आहे त्यांनी जेवणाआधी सचिवांकडे नावे द्यावीत. वादासाठी दीड तास राखून ठेवला आहे. वितंडेसाठी वेळ दिलेला नाही.