'पेक्षा'चा प्रवास



परवा रत्नागिरीहून मुंबईला निघालो होतो. सोबत भाची होती, नोकरीच्या मुलाखतीला चाललेली. गाडी सुटली तशी तिनं वही काढली. म्हणाली, "मामू, मुलाखतीत प्रवासाबद्दल विचारतात. माझं वाक्य ऐका." आणि तिनं वाचलं, "ट्रेन इज मोर फास्टर दॅन बस."

मी हसलो नाही. मला तो अधिकार नाही.

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा कोकण रेल्वे धावत नव्हती. मी नुकताच बी. ए. झालो होतो. रात्रभर एसटीत अवघडून मुंबईला पोचलो आणि एका कचेरीत मुलाखतीला बसलो. साहेबांनी विचारलं, प्रवास कसा झाला? मी घरून घोकून आणलेलं वाक्य म्हटलं, "सर, बस इज मोर चीपर." टेबलापलीकडचे तिघं हसले. त्यातल्या एकानं विचारलं, "दॅन व्हॉट?" कशापेक्षा स्वस्त? मला उत्तर देता येईना. आमच्या गावाला एसटीशिवाय दुसरं काही ठाऊकच नव्हतं. पुढचे प्रश्न कानांवरून गेले. नोकरी मिळाली नाही, त्याचं एवढं वाटलं नाही. पण नंतर कित्येक वर्षं चारचौघांत इंग्रजी बोलायची वेळ आली, की मी पाणी प्यायला उठायचो.

आज वाटतं, ती चूक अडाणीपणाची नव्हती, मराठीपणाची होती. मराठीत तुलना करताना विशेषणाला आपण हात लावत नाही. 'बस स्वस्त' आणि 'रेल्वेपेक्षा बस स्वस्त'. 'स्वस्त' तसाच राहतो. सगळं ओझं 'पेक्षा' उचलतो. आमच्याकडे जुनी माणसं 'परास' म्हणतात. फार तर आपण वर 'जास्त' किंवा 'अधिक' ठेवतो. इंग्रजीत मात्र विशेषण स्वतःच बदलतं. चीप, फास्ट, लाँग असे आखूड शब्द 'अर' घेतात: चीपर, फास्टर, लाँगर. ईझीचं ईझिअर होतं. कम्फर्टेबल, एक्स्पेन्सिव्ह असे लांबलचक शब्द मागे 'मोर' घेतात. गुडचं बेटर आणि बॅडचं वर्स होतं, ते पाठच करावं लागतं. आपण सवयीनं 'जास्त' शोधतो, म्हणून फास्टरच्या मागेही 'मोर' लावतो. एकाच प्रवासाची दोन तिकिटं!

भाचीला म्हटलं, लाज वाटून घेऊ नकोस. अशी दुहेरी रूपं शेक्सपिअरच्या नाटकांतही आहेत. त्या काळी ती चालत. अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी ती मोडीत काढली. आणि हा तुलनेचा प्रत्यय आपल्याला परकाही नाही. संस्कृतातल्या 'उच्चतर'मधला 'तर' आणि फारसीतून उर्दूत आलेल्या 'बेहतर'मधला 'तर' एकाच कुळातले. 'बेहतर' आणि इंग्रजी 'बेटर' मात्र नुसते दिसायला सारखे, नात्याचे नव्हेत.

एवढ्यात गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली. डब्यात काळोख झाला. भाची म्हणाली, "मामू, हा देशातला सर्वांत लांब बोगदा ना?" मी म्हटलं, होता. १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला, तेव्हा साडेसहा किलोमीटरचा हा रेल्वे-बोगदा देशात पहिला होता. २०१३ साली काश्मीरमध्ये पीर पंजालचा अकरा किलोमीटरचा बोगदा सुरू झाला आणि याचा मान गेला. २०२४ साली त्याच काश्मीरच्या मार्गावर पावणेतेरा किलोमीटरचा बोगदा खुला झाला आणि पीर पंजालचाही गेला. 'सर्वांत'चं असं असतं. आज आहे, उद्या नाही. पण करबुडे खेडजवळच्या नातूवाडीच्या बोगद्यापेक्षा लांब आहे, हे वाक्य काल खरं होतं आणि उद्याही खरंच राहील.

म्हणून मला 'पेक्षा' आवडतो. तो दोघांना शेजारी उभं करतो आणि तुम्ही कुठून बघता आहात, तेही सांगायला लावतो. त्या दिवशी मला हसणाऱ्यांचा राग अजून आहे. पण "कशापेक्षा?" हा प्रश्न चांगलाच होता. माझ्याजवळ तेव्हा दुसरी बाजू नव्हती, एवढंच.

भाचीनं 'मोर' खोडला. थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग स्वतःहून एक नवं वाक्य लिहिलं आणि वही माझ्यापुढे धरली: "माय जर्नी इज ईझिअर दॅन माय अंकल्स."

व्याकरणात चूक नव्हती. 'दॅन'च्या पुढे मी होतो. मी वही मिटून तिच्या हातात दिली आणि या वेळी पाणी प्यायला उठलो, ते वेगळ्या कारणानं.